इथम : बारा माणसं सोडली, शस्त्रं आणली

नाशिकरोडला दर शनिवारी संध्याकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा एक तास घेतो. महसूल खात्यात तीसेक वर्षं गेली. नायब तहसीलदार म्हणून लागलो, उपजिल्हाधिकारी म्हणून बाहेर पडलो. मुलांना कलमं पाठ असतात, मला ती वापरताना झालेली पंचाईत आठवते, एवढाच आमच्यातला फरक. ‘अंतर्गत सुरक्षा’ हा विषय निघाला की मुलं काश्मीर, नक्षलवाद आणि ईशान्य भारत असे तीन कप्पे करतात आणि शेवटी ‘लष्कर हा अंतिम पर्याय असावा’ असं लिहून मोकळी होतात. ते वाक्य मला खुपतं. अंतिम म्हणजे नक्की केव्हा? आणि लष्कर आलं की बाकीचे कुठे जातात? म्हणून या वेळी कप्पे बाजूला ठेवले आणि एकच दिवस घेतला : मणिपूरमधल्या इथम गावातला.

आमच्या भागाला लष्कर नवीन नाही. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र. रेंजवर फायरिंग असलं की आसपासच्या गावांतली तावदानं थरथरतात आणि पाहुणे दचकतात. आम्ही चहा सांडू देत नाही. या शेजारामुळे इथल्या माणसाचा एक पक्का समज झाला आहे : मिलिटरी उतरली की दंगल संपली. वर्गातल्या निम्म्या मुलांचं तेच मत होतं. उरलेली गप्प होती, म्हणजे त्यांचंही तेच असावं.

मदतीला मी भगूरहून एका निवृत्त सुभेदारांना बोलावलं होतं. ईशान्येत त्यांनी दोन टेन्युअर काढलेत. त्यांना वर्गात बोलायचा संकोच होता. “साहेब, मी बोलेन, पण खडू तुम्ही धरा,” म्हणाले.

दिवस

२४ जून २०२३, शनिवार. मणिपूरच्या इम्फाळ पूर्व जिल्ह्यातलं इथम हे गाव. राज्यात मैतेई आणि कुकी समाजांमधला हिंसाचार पेटून सात आठवडे झाले होते. पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो बंदुका लुटल्या गेल्या होत्या. खोऱ्यात मैतेई आणि डोंगरात कुकी अशी उघड फाळणी झाली होती, आणि मधल्या पट्ट्यात लष्कर व आसाम रायफल्स (केंद्राचं निमलष्करी दल) उभे होते.

पक्क्या खबरीवरून लष्कराने गावाला वेढा घातला, झडती घेतली आणि बारा जण पकडले. सगळे कांगलेई यावोल कन्ना लुप, म्हणजे केवायकेएल या बंदी असलेल्या मैतेई संघटनेचे. शस्त्रं, दारूगोळाही सापडला. बारांपैकी एक जण स्वतःला लेफ्टनंट कर्नल म्हणवणारा होता. जून २०१५ मध्ये चंदेल जिल्ह्यात ६ डोगरा पलटणीच्या ताफ्यावर हल्ला होऊन १८ जवान मारले गेले होते. त्यामागचा सूत्रधार हाच असावा, असं लष्कराने नंतर सांगितलं. म्हणजे रोज हाती लागावी अशी ही शिकार नव्हती.

कारवाईपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो निघताना. बाराशे ते पंधराशे माणसांच्या जमावाने तुकडीला घेरलं. पुढे बायका होत्या, सोबत एक स्थानिक पुढारी. वाट द्या, कायद्याचं काम करू द्या, अशा विनवण्या पुन्हा पुन्हा झाल्या. जमाव हलला नाही. दिवसभर तिढा तसाच राहिला. शेवटी तुकडीच्या प्रमुखाने बाराही जणांना त्या पुढाऱ्याच्या हवाली केलं आणि जप्त केलेली शस्त्रं घेऊन तुकडी बाहेर पडली. बायकांच्या संतप्त जमावावर बळ वापरलं असतं तर जीव गेले असते, ते टाळणारा हा प्रौढ निर्णय होता, असं लष्कराने जाहीरपणे सांगितलं.

इतकं सांगून मी मुलांना विचारलं, हा पराभव की शहाणपण? पहिल्या बाकावरच्या सिन्नरच्या मुलीने विचारलं, “सर, पण निर्णय त्या अधिकाऱ्याचा होता का?”

माझी तयारी पुढच्या तीन प्रश्नांची होती, याची नव्हती. पण प्रकरणाचा गाभा तोच आहे, त्यामुळे मी पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरवलं.

डस्टर आणि मनुके

त्याआधी सुभेदारांनी टेबलावर जे दाखवलं ते सांगतो. निफाडच्या एका मुलाने घरचे मनुके आणले होते. सुभेदारांनी दोन डस्टर एकामागे एक ठेवले. “ह्या दोन वन-टन गाड्या. ही पुढची जिप्सी,” म्हणत खडूचा तुकडा ठेवला. मग पिशवीतले मूठभर मनुके पुढे ओतले, मूठभर मागे, आणि थोडे डस्टरला चिकटून.

“गोळी कुणावर घालायची, दाखव,” त्यांनी एका मुलाला सांगितलं.

मुलाने पुढच्या ढिगावर बोट ठेवलं.

“ह्यांनी काय केलं?”

“रस्ता अडवला.”

“आणि पकडलेली माणसं कुठंयत?”

“गाडीत.”

“मग गोळी रस्ता अडवल्याबद्दल? तिकडं आमच्या वेळी शिकवायचे, गोळी घालायची तर नाव घेऊन घालायची. अमुक जवान, अमुक राउंड, समोरचा लाल शर्टवाला, त्याच्या हातात हे आहे. नंतर रिकामी केस मोजून द्यायची. आता ह्यांतला लाल शर्टवाला काढ.”

मुलाने मनुक्यांकडे बघितलं. सगळे एकसारखे होते.

मग सुभेदारांनी हिशेब सांगितला, तो मी माझ्या वहीत तसाच उतरवून घेतला : “बाया रस्त्यावर बसल्या की पुढची गाडी थांबते. ती थांबली की सगळा ताफा थांबतो. दुपार झाली की आणखी गावं येतात. नफरी तुमची तेवढीच असते, त्यांची वाढत जाते. अंधार पडला की त्या गर्दीत कोण आलंय आणि कशाला आलंय, हे देवाला ठाऊक. म्हणून सीओ, म्हणजे तुकडीचा प्रमुख, घड्याळ बघत असतो, साहेब. माणसांकडं कमी बघतो.”

फौजेच्या भाषेत याला ‘एक्सट्रिकेशन’ म्हणतात, आपल्या भाषेत ‘निघायची सोय’. छापा टाकायला जेवढी अक्कल लागते त्याहून जास्त निघायला लागते. आमच्या अतिक्रमण हटाव मोहिमांत हे मी शंभरदा बघितलंय. जेसीबी गल्लीत घुसतो मोठ्या थाटात. परत फिरवताना सगळा मोहल्ला पुढे उभा असतो.

बायका पुढे का?

मणिपूरमध्ये बायका पुढे असणं याचा अर्थ नीट कळला नाही तर इथम कळत नाही. आपल्याकडे मोर्चात बायका पुढे घालतात तेव्हा त्यात पुष्कळदा चलाखी असते. तिथे चलाखी असेलही, पण तिच्याखाली शतकभराचा थर आहे.

१९०४ साली इंग्रजांच्या वेठबिगारीविरुद्ध मणिपुरी बायका रस्त्यावर आल्या. १९३९ च्या डिसेंबरात पुन्हा आल्या. राज्यातला तांदूळ बाहेर जात होता आणि इम्फाळच्या बाजारात दर कडाडले होते. सरकारी अधिकाऱ्याला त्यांनी तार कचेरीत कोंडून घातलं, तेव्हा त्यांच्यावर आसाम रायफल्सच्या जवानांनी संगिनी चालवल्या. ‘नुपी लान’, म्हणजे बायकांचं युद्ध, हे नाव तिथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात रात्री मशाली घेऊन गस्त घालणाऱ्या बायका ‘मैरा पैबी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला त्यांचा रोख दारूवर होता, मग झडत्यांवर आला.

आणि जुलै २००४. आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजम मनोरमा यांचा मृतदेह सापडला. त्यानंतर १५ जुलैला बारा बायकांनी इम्फाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र होऊन निदर्शनं केली. त्या किल्ल्यात तेव्हा आसाम रायफल्सचा तळ होता. महिन्याभरात इम्फाळ नगरपालिकेच्या हद्दीतून सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, म्हणजे अफस्पा उठला, आणि वर्ष संपायच्या आत कांगला रिकामा झाला. बायका पुढे उभ्या राहिल्या की लष्कर मागे सरतं, हा तिथला अनुभव आहे. इथमच्या बायकांना तो माहीत होता. इथमच्या अधिकाऱ्यालाही माहीत होता.

वर्गात कुणीतरी म्हणालं, “म्हणजे त्या अतिरेक्यांची ढाल झाल्या.” झाल्या, यात शंका नाही. पण ढाल झालेल्या माणसावर गोळी घालायचा परवाना कायदा देत नाही. प्रश्न फक्त तेवढाच असता तर दहा मिनिटांत तास संपला असता.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हा राज्याचा विषय आहे. सैन्य वापरायचा भाग मात्र त्यातून वगळलेला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संघसूचीत २अ ही नोंद घातली : मुलकी सत्तेच्या मदतीसाठी केंद्राची सशस्त्र दलं राज्यात पाठवणं. ‘मदतीसाठी’ हा शब्द मी फळ्यावर दोनदा अधोरेखित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर १९९७ मध्ये अफस्पा वैध ठरवला, पण त्याच निकालात सांगितलं की सैन्य मुलकी सत्तेची जागा घेऊ शकत नाही. मुलकी यंत्रणा चालू राहिली पाहिजे, सैन्याने तिला हात द्यायचा.

आता हे जमिनीवर कसं उतरतं? इथमच्या वेळी जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती, कलमं १२९ ते १३२. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं १४८ ते १५१ झाली. शिडी साधी आहे. जमाव पांगवायला आधी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा अंमलदार. त्यांना जमलं नाही तर तिथे हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याच्या अधिकाऱ्याला सांगणार की हा जमाव पांगवा. अधिकाऱ्याने ते ऐकलंच पाहिजे. कसं पांगवायचं हे तो ठरवणार, पण कमीत कमी बळ, कमीत कमी इजा. आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सुरक्षेला उघड धोका असेल, तर अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. मात्र संपर्क होताच त्याने पुढे काय करायचं ते दंडाधिकारी सांगणार.

सरकारने ‘अशांत’ म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रात याच्यावर अफस्पा बसतो. कलम ४ खाली इशारा देऊन बळ वापरता येतं, अगदी जीव जाईल इतपत. पण कलम ५ मुलं विसरतात. पकडलेला माणूस शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. म्हणजे इथमचे बारा जण लष्कराचे नव्हतेच. लष्कर त्यांना फक्त ठाण्यापर्यंत पोचवणार होतं, आणि त्या खोऱ्यातल्या पोलिसांची शस्त्रागारं दीड महिन्यापूर्वी लुटली गेली होती.

दुसरी अडचण अशी की अफस्पाची हद्द आखडत गेली होती. एप्रिल २०२२ मध्ये मणिपूरच्या १५ पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून तो उठला, एप्रिल २०२३ मध्ये आणखी चार. एकूण १९. खोऱ्यातली दाट वस्ती बहुतेक त्यात आली. शांतता वाढली म्हणून कायदा उठवला, हे योग्यच होतं. पण पुढच्याच महिन्यात आग लागली, तेव्हा लष्कराच्या तुकड्यांना पावलोपावली कार्यकारी दंडाधिकारी लागू लागले. दंडाधिकारी म्हणजे कोण? तहसीलदार, उपविभागीय अधिकारी. तेही पुष्कळदा मैतेई नाहीतर कुकी. एका समाजाच्या दंडाधिकाऱ्याला दुसऱ्याच्या गावात पाऊल ठेवणं जिवावरचं. कायद्याने ज्या माणसाला शिडीच्या मधल्या पायरीवर उभं केलंय, ती पायरीच दुभंगली होती.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बायकांना अटक करायची तर जुन्या कलम ४६ प्रमाणे हात लावायला महिला पोलीस हवी. सूर्यास्तानंतर तर अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तेही न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊन. बाराशेंच्या जमावासमोर याचा अर्थ काय होतो, ते सुभेदारांनी मनुक्यांकडे बोट दाखवून सांगितलं. शब्द लागले नाहीत.

एक कोरी सही

आता माझी गोष्ट. गाव सांगत नाही. नायब तहसीलदार असताना विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्तावर माझी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली. चौकात प्लास्टिकची खुर्ची, हातात जिल्हाधिकारी कार्यालयाचा आदेश, कार्बन कॉपी इतकी फिकट की माझंच नाव मला वाचता येईना. रात्री साडेनऊच्या सुमारास बंदोबस्ताचे अधिकारी आले. हातात टाइप केलेला कागद. जमाव बेकायदेशीर झाल्याने बळाचा वापर करण्याचा आदेश देण्यात येत आहे, खाली माझ्या सहीची जागा, वेळेची जागा कोरी.

“साहेब, सही करून ठेवा. ऐन वेळी तुम्हाला शोधत कुठे फिरणार?”

मी सही केली. वय सत्तावीस, नोकरी नवी, आणि ते गृहस्थ वयाने मोठे, आदबीने बोलणारे. त्यांनी चहाही पाजला. खरं तर कलम १२९ खाली जमाव पांगवायचा अधिकार त्यांना स्वतःलाच होता. सही हवी होती ती दुसऱ्या दिवशीच्या चौकशीसाठी. मिरवणूक शांततेत पार पडली. सकाळी मी तो कागद मागून घेतला आणि फाडला. पण त्या रात्री साडेनऊनंतर त्या चौकात दंडाधिकारी नव्हता. खुर्चीवर एक माणूस बसलेला होता, एवढंच.

इथमबद्दल वाचताना मला तो कागद आठवतो. मी माझा निर्णय आधीच सही करून दुसऱ्याला दिला होता. मणिपुरात मुलकी सत्तेने तो न देताच सोडून दिला, आणि लष्कराच्या अधिकाऱ्याला उचलावा लागला. दोन्हीकडे घटनेतल्या ‘मदत’ या शब्दाला मदत घेणारा राहिला नाही.

उलट बाजू : मुंबई

मुलांना वाटू नये की ही ईशान्येचीच व्यथा आहे, म्हणून मी मुंबईकडे वळलो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत सैन्य होतं. रस्त्यावर होतं, ध्वजसंचलन करत होतं. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नंतर नोंदवलं की सैन्याचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश काढण्यात मुख्यमंत्र्यांचे मोलाचे चार दिवस वाया गेले. तिथे कायद्यात खोट नव्हती, दंडाधिकाऱ्यांचा तुटवडा नव्हता, मंत्रालय हाकेच्या अंतरावर होतं. सैनिक होते, आदेश नव्हता.

मुंबईत मुलकी सत्ता शाबूत होती आणि बोलली नाही. मणिपुरात तिला बोलायला जागाच उरली नाही. दोन्हीकडे सैनिक रस्त्यावर उभा राहिला आणि लोकांनी त्याच्याकडून काहीतरी निकाल लागेल अशी अपेक्षा केली.

गडचिरोलीचा दाखला इथे एका मुलाने दिला, आणि तो बरोबर होता. नक्षलवाद्यांशी लढायला महाराष्ट्राने लष्कर बोलावलं नाही. १९९० च्या सुमारास स्थानिक तरुणांतून सी-६० ही पोलिसांची तुकडी उभी केली, जोडीला केंद्रीय राखीव दल. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली ती मुख्यतः जखमींना हलवायला. किंमत थोडी नव्हती. २००९ मध्ये लाहेरीला १७ पोलीस गेले, मे २०१९ मध्ये जांभूळखेड्याला १५. तरी लढणारा माणूस त्याच जिल्ह्यातला आणि त्याच भाषेतला होता, आणि ठाण्यात पंचनामाही तोच लिहीत होता. गडचिरोलीत लढणं, पकडणं आणि पंचनामा लिहिणं ही तिन्ही कामं एका यंत्रणेकडे राहिली. इथममध्ये लष्कर, पोलीस आणि दंडाधिकारी असे तिघं वेगळे होते आणि तिघांपैकी एकच हजर होता.

पर्याय

मी वर्गात तीन पर्याय मांडले. बळ वापरून वाट काढणं, थांबून कुमक मागवणं, माणसं सोडणं.

पहिल्यावर मी फार वेळ घालवला नाही. ४ डिसेंबर २०२१ चा नागालँडमधला ओटिंगचा प्रसंग पुरे आहे. विशेष दलाने कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांना अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, सहा गेले. गावकरी धावून आले, पुन्हा गोळीबार, आणखी सात गेले. पुढच्या दिवशीच्या उद्रेकात आणखी एक. एक सैनिकही मारला गेला. मोन जिल्ह्यात पकडायला गेले होते ते अतिरेकी बाजूलाच राहिले. शिवाय मणिपूरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१६ चा निकाल होता. मणिपुरातल्या १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेत न्यायालयाने सांगितलं होतं की अशांत क्षेत्रातही अतिरिक्त बळाने मृत्यू झाला असेल तर चौकशी होऊ शकते.

दुसऱ्या पर्यायावर सुभेदारांनी डस्टरच्या बाजूला आणखी मनुके ठेवले. कुमक म्हणजे आणखी गाड्या, त्या येणार त्याच रस्त्याने, आणि तो रस्ता कुणी अडवला आहे हे सगळ्यांना माहीत आहे. हा पर्याय आदल्या दिवशी असतो. निघायच्या दोन वाटा, सोबत महिला पोलीस, पकडलेल्यांना तासाभरात हवाईमार्गे किंवा दुसऱ्या वाटेने हलवणं, हे सगळं नियोजनाच्या टेबलावर ठरतं. दुपारी दोन वाजता ते सुचून उपयोग नाही. माझं मत असं की इथममध्ये चूक झाली असेल तर ती या टेबलावर झाली. जमावासमोर झाली नाही.

राहिला तिसरा. शस्त्रं ठेवून माणसं द्यायची. यात एक शहाणपण आहे, जे लोक विसरतात. हातातून गेलेला माणूस पुन्हा पकडता येतो. मेलेली बाई परत येत नाही, आणि तिच्या तेराव्याला पन्नास नवे लोक संघटनेत जातात. पण किंमत आहेच. १८ जवान गेलेल्या हल्ल्याचा संशयित मोकळा झाला. ६ डोगराच्या त्या अठरा घरांत टीव्हीवर ही बातमी कशी ऐकली गेली असेल, हे सुभेदार बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक मनुका उचलून बाजूला ठेवला.

पुढे काय झालं

दोनच दिवसांनी लष्कराच्या ईशान्येतल्या स्पिअर कोअर या विभागाने व्हिडिओ काढला. बायका रस्ते अडवताना, ताफे रोखताना. शांततापूर्ण आंदोलन म्हणून जे दाखवलं जातंय ते तसं नाही, असं त्यातून सांगायचं होतं. लष्कराला आपली बाजू सोशल मीडियावर मांडावी लागली, यातच बरंच काही आलं. हे काम राज्याच्या गृहखात्याचं होतं.

ऑगस्टमध्ये मणिपूर पोलिसांनी आसाम रायफल्सवरच गुन्हा नोंदवला, कामात अडथळा आणला म्हणून. ज्यांना मदत करायची, तेच मदत करणाऱ्यांवर एफआयआर लिहू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सहा ठाण्यांच्या हद्दीत अफस्पा पुन्हा लागू झाला. एकूण बळींची संख्या अडीचशेच्या वर गेली, साठ हजारांच्या आसपास माणसं घर सोडून छावण्यांत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि १३ तारखेला राष्ट्रपती राजवट आली. लुटलेल्या बंदुका परत करा, असं राज्यपालांनी आवाहन केलं तेव्हा काही परत आल्या. लष्कर या सगळ्या काळात तिथेच होतं. बफर झोनमध्ये उभं, दोन्ही बाजूंच्या शिव्या खात.

वर्गाचं उत्तर

मी मुलांना एक कागद लिहायला दिला. तुम्ही त्या जिल्ह्याचे उपविभागीय दंडाधिकारी आहात, आदल्या रात्री तुम्हाला कारवाईची सूचना मिळाली आहे, काय कराल? बहुतेकांनी नेहमीचंच लिहिलं. समन्वय बैठक, शांतता समिती, अफवा रोखण्यासाठी इंटरनेट बंद. एकाने जमावाला ‘विश्वासात घेऊ’ असं लिहिलं. छाप्याआधी गावाला विश्वासात कसं घेणार, असं मी समासात लिहून परत दिलं. दुसऱ्याने आदेशाचा मसुदाच लिहिला, वेळेची जागा कोरी सोडून. त्याला मी तासानंतर थांबायला सांगितलं.

सिन्नरच्या मुलीचा कागद अर्धाच भरला होता. पहिलं वाक्य होतं, “मी पहाटे तुकडीसोबत गाडीत बसेन.” दुसरं, “शेजारच्या जिल्ह्यातून चार महिला पोलीस मागवेन, त्यांतली किमान एक मैतेई बोलणारी.” तिसरं, “पकडलेल्यांची यादी मी सही करून जागेवरच पोलिसांच्या ताब्यात घेईन, म्हणजे जमावाने अडवलं तर ते माझे आरोपी असतील, लष्कराचे नाही.”

मी तो कागद सुभेदारांकडे दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

“बाई, गाडीत बसायचं ते पुढच्या की मधल्या?”

“मधल्या, काका. पकडलेले तिथेच असणार ना?”

सुभेदारांनी डस्टर सरकवून मधे एक खडू उभा केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, “साहेब, ह्यांना हेल्मेट आणि जॅकेट कोण देणार? पलटण का कलेक्टर ऑफिस?”

मला माझी प्लास्टिकची खुर्ची आठवली. कुणीच देत नाही, असं मी सांगितलं. तिने कागद परत मागून घेतला आणि तिसऱ्या ओळीखाली ‘हेल्मेट, जॅकेट : लेखी मागणी, आदल्या रात्री’ असं लिहिलं.